वजा पंधरा मार्कांची गाडी

पेपर मीच काढला होता, हे आधी सांगून टाकते.

तेव्हा बी.एस्सी. फिजिक्स होऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि लातूरच्या एका क्लाससाठी मी प्रश्नपत्रिका काढत होते. शिकवायचं नाही, फक्त प्रश्न काढायचे. चार पर्यायांतला एक बरोबर, एक बरोबर वाटणारा, एक घाईत असलेल्या पोरांसाठी आणि एक झोपलेल्या पोरांसाठी. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा. हे प्रश्न टाइप करायला मी दयानंददादांच्या नेट कॅफेत जायची. आमच्या गल्लीत घरटी एक पोरगं कुठल्यातरी प्रवेश परीक्षेची तयारी करत होतं, म्हणून दादांचा धंदा झेरॉक्सवर चालायचा. त्यांचा जीव मात्र गाड्यांत होता.

त्यांनी ‘मराठवाडा मोटार अड्डा’ नावाची वेबसाइट काढली होती. आठशे सभासद. कुणी मायलेज विचारायचं, कुणी जुनी जीप विकायला काढायचं, कुणी इंजिनाचा आवाज शब्दांत लिहून ‘हे काय झालं असेल?’ असं विचारायचं. या आवाजांसाठी मी रोज वाचायची. ‘घुर्र घुर्र खट’ एवढ्यावरून लोक नेमका बिघाड ओळखायचे आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

त्या जानेवारीत, म्हणजे २००९ साली, हैदराबादच्या एका हौशी क्लबचं दादांना पत्र आलं. फेब्रुवारीत लातूरजवळच्या माळावर ते मातीतल्या रेसचा दिवस भरवणार होते. ठरलेल्या वाटेवरून एका वेळी एकच गाडी पळवायची, वेळ मोजायची. अड्ड्याच्या लोकांना पाच जागा. अट एकच: गाडी खास रेससाठीच बांधलेली हवी, रोजच्या वापरातली नको. नावं अठ्ठावीस जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत कळवा.

दादा हरखले आणि लगेच काळजीत पडले. रेसची गाडी म्हटलं की आमच्याकडे स्टिकर लावलेल्या, सायलेन्सर कापलेल्या, मागे पंख बसवलेल्या गाड्यांचे फोटो यायचे. त्याच गाड्यांतून लोक सोमवारी ऑफिसला जायचे.

“वेगळा विभाग करू,” दादा म्हणाले. “‘फक्त रेसच्या गाड्या’. तिथं ज्याची गाडी, त्यातूनच पाच नावं. पण आत कुणाला घ्यायचं? गाळणी पाहिजे ना कायतरी.”

गाळणी म्हटल्यावर लातूरमध्ये दुसरं काय सुचणार? मी म्हणाले, “परीक्षा घेऊ.”

आम्हां दोघांनाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

वीस प्रश्न, तीस मिनिटं, चुकीला वजा एक. मी आठवडाभर परदेशी वेबसाइटी वाचल्या, आकृत्या समजून घेतल्या आणि मनापासून पेपर काढला. टायर, वजन, ब्रेक, वळण, हवा आत घेण्याची सोय. मला तो पेपर आवडला होता. शनिवारी वेबसाइटवरच परीक्षा झाली, त्याच संध्याकाळी निकाल लागला. एकशे बारा जण बसले होते.

पहिला आला सिद्धराम, जळकोटचा. ऐंशीपैकी एकोणऐंशी येऊच शकत नाहीत, त्याला पंचाहत्तर होते. पहिले पाचही सत्तरच्या वर. आणि अगदी तळाला, एकशे बाराव्या नंबरावर, ‘कलीम, नांदेड’. वजा पंधरा.

दादा हसून हसून खुर्चीतून घसरायचे बाकी होते. “वजा! अगं, शून्याच्या खाली जाऊन बसला की हा बाबा!”

रात्री विभागाखाली एक ओळ आली. लिहिणारी कलीमची धाकटी बहीण कहकशां होती. भावाच्या वतीने अड्ड्यावर तीच टाइप करायची.

“भाईजान विचारून राहिलेत, वजा पंधरा म्हणजे आणखी पंधरा वर्षं थांबायचं का? गाडी दोन वर्षांपासून तयार आहे. नंबर काढून टाकलाय, रस्त्यावर नेता येत नाही. हा माळ सोडला तर ती पळवायला जागा नाही.”

हसू आलं, आणि मग आलं नाही. मी कागद घेतला.

वीस प्रश्न. चार पर्याय. डोळे मिटून खुणा केल्या, तरी सरासरी पाच बरोबर येतात आणि पाच मार्क पडतात. कलीमभाईंनी एकही प्रश्न सोडला नव्हता. बरोबर फक्त एक. शंभर माणसांनी डोळे मिटून हा पेपर सोडवला, तर दोघा-तिघांचीच अशी दैना व्हावी. म्हणजे हे नशीब असू शकत होतं, पण नसण्याची शक्यता फार जास्त होती. काहीच माहीत नसलेला माणूस इतका चुकू शकत नाही. इतकं चुकायला काहीतरी पक्कं माहीत असावं लागतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी नांदेडला गेले.

कलीमभाईंचं पत्र्याच्या कामाचं दुकान देगलूर नाक्याजवळ होतं. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढायचं काम. छत्तीसेक वर्षांचे, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. मी ओळख सांगितल्यावर ते आधी उठून उभे राहिले, मग चहा सांगितला, आणि मग म्हणाले, “पेपरवाल्या म्याडम तुम्हीच? एवढ्या लहान?”

“कलीमभाई, तुम्ही सगळे वीस प्रश्न का सोडवले? नाही आलं तर सोडून द्यायचं असतं. मार्क जात नाहीत.”

“म्हणजे कुणी विचारलं तर गप बसायचं? तुम्ही एवढं विचारून राहिले आन मी तोंड फिरवू?”

“मी हेच सांगत होते,” आतून कहकशां म्हणाली. ती माझ्याच वयाची, बी.कॉम. झालेली, हातात चहाची किटली. “मी म्हटलं, भाईजान, याला सोडा. तर म्हणतात, बेअदबी होते.”

गाडी दुकानामागच्या अंगणात होती. मूळची मारुती ८००, आता ती तशी ओळखू येत नव्हती. काचा नाहीत, मागची सीट नाही, दारांची आतली अस्तरं नाहीत. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, गाडी उलटली तरी माणूस चेंगरू नये म्हणून. प्रत्येक चौकटीत तिरका पाइप मारलेला. मी वाकून जोड पाहिले. वेल्डिंग इतकं सारखं होतं की बोट फिरवलं तर अडत नव्हतं.

“हा एकच प्रश्न तुमचा बरोबर आलाय,” मी म्हणाले. “चौकट मजबूत कशानं होते. तुम्ही ‘तिरका पाइप’वर खूण केलीत.”

“ते पेपरातून न्हाई शिकलो, ताई. भूकंपानंतर अब्बांसोबत तिकडं औसा-निलंग्याकडं शेड बांधायला गेलो होतो. वीस वर्षांचा होतो. आठ म्हैने पत्रे आन पाइप. वारं सुटलं की नुसती चौकट वाकडी व्हायची. तिरकी मारली की हलायची न्हाई. तिथं एक म्हातारी रोज येऊन शेड हातानं हलवून बघायची. हलली न्हाई की मगच आत झोपायची.” त्यांनी पिंजऱ्याला हात लावून हलवून दाखवलं. गाडी हलली, पिंजरा नाही.

मग मी पिशवीतून त्यांची छापून आणलेली उत्तरपत्रिका काढली आणि आम्ही गाडीभोवती फिरत एकेक प्रश्न घेतला.

“प्रश्न दोन. टायर रुंद हवेत की अरुंद? तुम्ही अरुंद लिहिलंत.”

“रुंद टायर भुसभुशीत मातीवर तरंगते. बारीक टायर माती कापून खालच्या कडक मुरमाला धरते. बैलगाडीचं चाक बघितलं न्हाई का?”

“प्रश्न पाच. गाडी जमिनीपासून खाली घ्यायची की वर?”

“खाली घेतली तर ढेकूळ इंजिनाला लागंल. मी दोन इंच वर घेतली.”

“आणि हवा? तुम्ही लिहिलंत की इंजिनाला हवा गाडीच्या आतून द्यायची.”

“भायेर चाकांपाशी धूळ किती! पहिल्याच फेरीत इंजिन खोकायला लागंल.”

मी थांबले. दुसरा, पाचवा, आठवा, अकरावा. माझी उत्तरं ज्या वेबसाइटींवरून आली होती, तिथले ट्रॅक डांबरी होते. कलीमभाईंनी पेपर मातीवर सोडवला होता, कारण रेस मातीत होती. मी प्रश्नात जमीन कसली ते लिहिलंच नव्हतं. क्लासमधल्या कुणी असा प्रश्न काढला असता, तर पृष्ठभाग दिल्याशिवाय घर्षणाचा प्रश्न विचारता येत नाही म्हणून मीच तो खोडला असता.

“कलीमभाई, तुमची उत्तरं बरोबर आहेत. पेपर चुकलाय.”

“मग मार्क वाढवा की!” कहकशां म्हणाली.

“नुसते वाढवले तर लोक म्हणतील, घरी जाऊन चहा पिऊन आली.” मी खरंच तिसरा कप पीत होते. “आकडा पाहिजे. कुणालाही तपासता येईल असा. गाडीचं वजन किती आहे?”

“हलकी हाय.”

“हलकी हा आकडा नाही.”

चौकापलीकडे एका डाळ मिलचा वजनकाटा होता, जमिनीत बसवलेला, ट्रकसाठीचा. गाडी रस्त्यावर चालवायची नाही म्हणून ती ढकलत न्यायची ठरली. कलीमभाई आत स्टिअरिंगवर बसले. मी आणि कहकशां मागून ढकलू लागलो, मग शेजारचा पंक्चरवाला आला, मग चहावाला, मग एक लग्नाची पत्रिका द्यायला आलेले गृहस्थ पत्रिका खिशात ठेवून आले. रस्त्यावरची रिक्षा थांबली. “ओ कलीमभाई, शर्यतीची गाडी ना? मग ढकलून काय राहिलात?”

“वॉर्मअप चालू हाय!” आतून उत्तर आलं.

काट्यावरचे सटवाजीकाका टोपी सारखी करत बाहेर आले. “रिकामी का भरलेली?”

“रिकामीच. पण चार वेळा मोजायचीय,” मी म्हणाले. “आधी पूर्ण. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त डावी, मग फक्त उजवी. आणि कलीमभाई आत बसलेले हवेत.”

“म्याडम, पंचवीस वर्षं काटा करतोय. गाडीची एक बाजू कुणी मोजून घेतली न्हाई.”

“काट्याचा सगळ्यांत लहान आकडा किती?”

“धा किलो.”

“मग प्रत्येक आकड्यात पाच किलो इकडे-तिकडे धरू.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग कहकशांकडे. “ही कोण म्हणायची?”

“पेपर काढते,” कहकशां म्हणाली.

पूर्ण गाडी, माणसासकट: सहाशे पन्नास. पुढची चाकं: तीनशे नव्वद. डावी बाजू: तीनशे वीस. उजवी: तीनशे तीस. मी डाव्या-उजव्या बाजूंची बेरीज केली. सहाशे पन्नास. परत केली. सहाशे पन्नासच. बेरीज जुळली म्हणून मला इतका आनंद झालेला बघून पंक्चरवाल्यालाही आनंद झाला.

“दोन बाजूंत फक्त दहा किलोचा फरक! कलीमभाई, तुम्ही उजवीकडे बसता. तुमचं वजन सत्तरच्या आसपास. मग डावीकडं वजन आलं कुठून?”

“बॅटरी डावीकडं मागं नेली. सुट्टे पानेही तिकडंच. गाडीखाली लांबीला एक पाइप टाकून बघायचो, कोणत्या अंगाला कलते. मी बसायचो, ही बॅटरी सरकवायची. दोन रविवार गेले.”

“तीन,” कहकशां म्हणाली. “एक रविवार पाइपच वाकडा होता.”

सटवाजीकाकांनी चार पावत्या छापून दिल्या. गाडी नंबरच्या जागी काय लिहू, त्यांनी विचारलं. नंबरच नव्हता. त्यांनी क्षणभर विचार करून लिहिलं: ‘कलीम पत्रेवाले यांची.’

सोमवारी मी त्या पावत्या दादांपुढे ठेवल्या. दादांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली.

“पटतंय गं. पण निकाल लागलाय. लातुरात लागलेला निकाल बदलला तर लोक बोर्डच उचलून नेतील. सिद्धरामला काय सांगायचं? पंच्याहत्तर मार्क घेतलेत पोरानं.”

“दादा, परवा नावं पाठवायचीत. त्या पाचांपैकी एकाच्यातरी गाडीचा फोटो आलाय का?”

दादांनी विभाग उघडला. पहिल्या पाचांनी आभार मानले होते, एकमेकांचं अभिनंदन केलं होतं, पुढच्या पेपरचा सिलॅबस विचारला होता. फोटो नव्हता.

“सिद्धरामला फोन लावा.”

दादांनी लावला आणि स्पीकर चालू केला.

“सर, नमस्कार!”

“सिद्धराम, रेसला नाव पाठवायचंय तुझं. गाडी कुठली हाय?”

“गाडी, सर?”

“हाव, गाडी. रेसची.”

“सर, माझ्याकडं सायकल हाय.”

दादांनी कपाळाला हात लावला. “मग परीक्षेला कशाला बसलास रे?”

“सर, परीक्षा होती ना,” सिद्धराम अगदी सरळपणे म्हणाला. “वजा मार्किंगची प्रॅक्टिस व्हती. आमच्या रूमवरचे चौघं बसलो होतो. दुसरा, तिसरा आन पाचवा बी इथंच हाय. देऊ का?”

फोन ठेवल्यावर दादा बराच वेळ हसत राहिले, आणि या वेळी मीही. मग त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. “लिही. तूच लिही. पण चूक कुणाची ते स्पष्ट लिही, न्हाईतर माझ्यावर येईल.”

मी लिहिलं की पेपर मी काढला होता, तो डांबरी रस्त्याचा होता, रेस मातीची आहे, म्हणून परीक्षा रद्द. तळाला आलेल्या सभासदाची उत्तरं मातीसाठी बरोबर होती. यापुढे ‘फक्त रेसच्या गाड्या’ या विभागात यायला कुणालाही प्रश्न विचारले जाणार नाहीत. गाडी वजनकाट्यावर चढवा आणि पावती टाका: पूर्ण, पुढची, डावी, उजवी. सोबत पिंजऱ्याचे फोटो. खाली नमुना म्हणून सटवाजीकाकांच्या चार पावत्या लावल्या.

वाटलं होतं, शिव्या पडतील. थोड्या पडल्याही. पण बुधवारपर्यंत मराठवाड्यातले वजनकाटेवाले वैतागले असावेत. ज्यांच्या गाड्यांवर फक्त स्टिकर होते, त्यांनीही त्या काट्यावर चढवल्या. एकानं बायकोला आत बसवून वजन केलं, आता ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, असं त्यानंच लिहिलं. पिंजऱ्यासह पावत्या मात्र तीनच आल्या: उदगीरची एक जीप, परभणीची एक जुनी फियाट आणि कलीमभाई. संध्याकाळी सहाला दादांनी पाच जागांसाठी तीन नावं पाठवली. सिद्धराम आणि त्याच्या रूमवाल्यांनी झेंडे धरायला येऊ का म्हणून विचारलं. क्लबनं हो म्हटलं.

रेसच्या दिवशी माळावर एकोणीस गाड्या होत्या. टेम्पोतून मारुती उतरवली तेव्हा हैदराबादचे दोन जण हसले आणि मग वाकून पिंजरा बघू लागले, आणि वाकलेलेच राहिले. मला स्टॉपवॉच देऊन शेवटच्या रेषेवर उभं केलं होतं. मागितलं मीच होतं. पलीकडे क्लबचे एक गृहस्थ नोंदवहीत वेळा लिहीत होते.

दर गाडीला तीन फेऱ्या. वाट प्लॅस्टिकच्या लाल कोनांनी आखलेली, कोन पडला तर पाच सेकंद दंड.

पहिल्या फेरीत कलीमभाई जोरात सुटले, दुसऱ्या वळणावर गाडीची शेपटी बाहेर गेली आणि एक कोन आडवा झाला. गाडी थांबली. मला वाटलं, बंद पडली. कलीमभाई पट्टे सोडून, हेल्मेटसह खाली उतरले, मागे चालत गेले, कोन उचलून सरळ उभा केला, त्यावरची माती झटकली आणि परत येऊन गाडीत बसले.

माळावर असा हशा उसळला की इंजिनाचा आवाज ऐकू येईना. “भाईजान! उतरायचं नसतं!” कहकशां तारेपलीकडून ओरडत होती. त्या फेरीची वेळ मी नोंदवली: दोन मिनिटं एकोणीस सेकंद. नोंदवहीवाले डोळे पुसत होते.

“पाडला मी, तर उचलणार कोण?” कलीमभाईंनी रेषेवर येऊन विचारलं. त्यांना नियम समजावला. त्यांना तो फारसा आवडला नाही.

दुसरी फेरी स्वच्छ. अठ्ठावन्न पूर्णांक चार. रुंद टायरवाल्या गाड्या वळणावर तरंगत बाहेर जात होत्या. मारुती माती कापत, खालचा मुरूम धरत आतून निघाली. तोपर्यंतच्या वेळांत तिसरी.

मग तिसरी फेरी. सिद्धरामनं झेंडा खाली केला, मी बटण दाबलं. या वेळी कलीमभाईंनी पहिल्या वळणाआधीच शेपटी सोडली, आणि ती गेली तेवढीच जेवढी जायला हवी होती, मग दुसऱ्या वळणाला उलट्या बाजूनं, कोनाच्या एक वीत अंतरावरून. सहाशे पन्नास किलो, दोन्ही बाजूंना जवळपास सारखे, मातीवर लिहिल्यासारखे वळत होते. मी ते गणित कागदावर केलं होतं. ते असं दिसतं, हे मला माहीत नव्हतं. कहकशां तारेवर चढली होती. दादा टोपी हवेत फेकून ती शोधत होते. गाडी माझ्यासमोरून रेषा ओलांडून गेली, धुळीत दिसेनाशी झाली, आणि मी दोन्ही हात वर करून ओरडत होते.

“किती?” नोंदवहीवाल्यांनी विचारलं.

मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. ते चालूच होतं. एक मिनिट आठ. नऊ. दहा.

“मी... थांबवलंच नाही.”

“मॅडम!”

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. त्या महिन्यात हे वाक्य मला चांगलं पाठ झालं होतं. “वेळच नाही म्हटल्यावर फेरी धरता येणार नाही.”

त्यांनी वही बघितली, माळ बघितला, तारेवरची कहकशां बघितली. “मग परत पळवावी लागेल त्यांना. दुसरा इलाज नाही.”

मी धावत सांगायला निघाले, पण गरज नव्हती. आमचं बोलणं ऐकून कहकशांनं तारेवरूनच ओरडून सांगितलं होतं, आणि धुळीतून मारुती वळून सुरुवातीच्या रेषेकडे निघालीही होती.